तुपाला शीग येत नाही

काशीचा दिवस पहाटे साडेतीनला सुरू झाला. आधी पाणी भरलं, मग नवऱ्याला उठवलं. दादूचे दोन्ही गुडघे लाँचवर जाळी ओढता ओढता कामातून गेले होते. खाली बसला की त्याला उठता येत नसे. संडासाच्या दाराशी उभं राहून, काखेत हात घालून काशी त्याला वर ओढायची. दिवसाचं पहिलं ओझं असं घरातच उचललं जाई.

सुमेधावहिनींच्या घरामागच्या शेडमध्ये ती नानकटाईचं पीठ मळायची. आंब्याच्या दिवसांत रत्नागिरीत पाहुणे येतात, तेवढंच गिऱ्हाईक. पावसात शेड बंद, काशीही घरी. यंदा गुहागरच्या एका हॉटेलवाल्यानं नमुना मागवला होता. पसंत पडला तर बारा महिने माल, बारा महिने काम. नमुना दुपारच्या एस्टीनं जायचा होता.

आजवर वहिनी कपानं मापायच्या आणि काशी मळायची. तीसपट मोठ्या घाण्याला कप मोजत बसणं जमेना, म्हणून काटा आणला. आदल्या संध्याकाळी वहिनींनी सांगितलं होतं, "प्रत्येक जिन्नस एकेक कप तोलून ठेव. सकाळी त्याला तिसानं गुणू. मग कपाचं नाव नको."

काशीनं तोललं. सकाळी वहिनींनी गुणाकार केला, त्याप्रमाणे माल परातीत पडला.

पीठ मिळून येईना. आपलेच हात आज मेलेत असं काशीला वाटलं, म्हणून तिनं आणखी जोर लावला. जोरानं काही होत नव्हतं. पहिला ट्रे भट्टीतून आला तर एकूण एक नानकटाईला भेगा. वहिनींनी एक उचलली, तिचा बोटांतच भुगा झाला.

"काशी, काय केलंस गो हे?"

"तुम्ही सांगितलंत तसंच."

"मग तूपच हलकं आलंय. डेअरीवाल्याला बघतेच."

गप्प राहिली असती तर ते डेअरीवाल्यावर गेलं असतं. "तूप बरं हाय, वहिनी. हाताला कळतं."

वहिनींनी काटा उलटासुलटा करून पाहिला. मग म्हणाल्या, "माझ्यासमोर एक कप मैदा तोल बघू."

काशीनं कप पिठात खुपसला आणि काठावर डोंगर करून काट्यावर ठेवला.

वहिनींनी कपाळाला हात लावला. "अगं, एवढी शीग?"

"मग? सपाट माप कोण देतो? पायलीभर तांदूळ दिला तरी वर शीग हवी. आयेनं शिकवलंन तसं."

"तू तांदूळ विकत नाहीयेस! मी सुरी फिरवून कप सपाट करते, रोज बघतेस ना?"

"मला वाटलं, तुम्ही हात राखता."

"चिकट म्हण सरळ," वहिनी म्हणाल्या. हसल्या, पण फार नाही.

मैद्याला शीग लागली होती, पिठीसाखरेला लागली होती. पातळ तुपाला शीग येत नाही, ते काठाशीच थांबलं. आणि ती चूक तिसानं गुणली गेली.

काशीनं कपावर सुरी फिरवून पुन्हा तोललं. नुसत्या मैद्यातच कपामागे चाळीस ग्रॅमचा फरक. मळलेला मैदा काही बाहेर काढता येत नाही, तूपच वाढवायला हवं. किती, ते वहिनींनी काढलं.

"सगळं पुन्हा मळायला लागेल. होईल?"

"नाय म्हटलं तर कोण मळणाराय?"

बसून मळलं की जोर पोचत नाही, म्हणून ती उभ्यानं मळत राहिली. तूप थोडं थोडं सोडायचं, मुरवायचं, पुन्हा सोडायचं. एकदम ओतलं की गोळा वरून चिकट आणि आतून कोरडा. अर्ध्यावर उजवा अंगठा बधिर झाला. मग मुठीनं दाबलं. पीठ परात सोडायला लागलं तेव्हा तिच्यात बोलायचंही त्राण नव्हतं. खोका एस्टीत चढला तेव्हा कंडक्टर दार ओढत होता.

नमुना पसंत पडला. पावसाळा आला आणि शेड चालू राहिली. संध्याकाळी घरी आल्यावर काशीला साधा कांदा चिरवत नसे.

"सोड गो ते काम," दादू म्हणायचा.

"आणि तुमाला किती वर्षं उचलू?"

गणपती गेल्यावर त्या पगारातून गवंडी आला. त्यानं संडासातलं जुनं भांडं फोडलं, कमोड बसवला आणि धरून उठायला भिंतीत एक लोखंडी दांडा पक्का केला.