टिश्यूचं पाकीट आणि पॅरिसचं यिशुन

फॉरिन टूरचे किस्से हे फ्रीजमधल्या डब्यांसारखे असतात. कोणी ठेवले, कधी ठेवले आठवत नाही, टाकवत तर मुळीच नाहीत, आणि पुन्हा पुन्हा गरम केले की जास्तच मुरतात! आमच्या ग्रुपच्या फ्रीजचं तर आता दार लागत नाही. दर शनिवारी संध्याकाळी आम्ही सिंगापूरच्या बेडोकमध्ये, खाण्याच्या टपऱ्यांच्या हॉकर सेंटरमध्ये जमतो, कॉफी मागवतो, आणि पहिला घोट घशाखाली उतरायच्या आत कोणीतरी म्हणतंच, "तो फ्रान्सचा सांग रे."

मी तिखटमीठ लावतो असा माझ्यावर आरोप आहे. लावतो! पण खालचा पदार्थ अस्सल असतो.

तर आम्ही तिघं. ऑफिस बुओना व्हिस्टाला. बापट म्हणजे मूळचा पुण्याचा, प्रोजेक्ट मॅनेजर, माझ्याच वयाचा. उभ्या आयुष्यात प्लॅटफॉर्मवरच्या पिवळ्या रेघेवर पाऊल न टाकलेला माणूस. गायकवाड नागपूरचा, आमच्याहून लहान, हुशार इंजिनीअर आणि कायम भुकेला. आणि मी. माझं काम काय होतं हे कंपनीलाही नीटसं माहीत नव्हतं.

आम्ही एक सिस्टिम बनवली होती. मशीन दुरुस्तीला घेतलं की मेकॅनिकने त्यावर आपला टॅग लावायचा. ज्याचा टॅग त्यानेच काढायचा, तोवर कोणी मशीनला हात लावायचा नाही. पहिलं गिऱ्हाईक मिळालं ते पॅरिसजवळच्या एका गावातली बिस्किटांची फॅक्टरी. तिथल्या मॅनेजरचं नाव मस्यू जिरार. त्याने "हो" म्हटलं तर प्रोजेक्ट पुढे जाणार. "नाही" म्हटलं तर टीम बंद, बापटचा नोकरीचा पास रिन्यू होणार नाही, आणि पुढच्या वर्षी ओ लेव्हलला, म्हणजे तिथल्या दहावीला, बसणाऱ्या त्याच्या मुलीला, सईला बॅग भरून पुण्याला जावं लागणार. इतकं सरळ होतं सगळं.

फ्रेंचमध्ये "हो"ला "वी" म्हणतात. एवढासा शब्द! पण तो ऐकायला आम्हाला तीन वाऱ्या कराव्या लागल्या.

*

गावाचं नाव मी सांगत नाही, कारण मला ते अजून म्हणता येत नाही. लिहितात भरपूर अक्षरं आणि बोलताना त्यातली निम्मी गिळतात. आम्ही त्याला "पॅरिसचं यिशुन" म्हणायचो. यिशुन म्हणजे सिंगापूरच्या टोकाचं, सगळ्यांच्या चेष्टेचं उपनगर; बापट तिथेच राहतो, त्याला हे आवडायचं नाही.

पहिल्यांदा पोचलो तो रविवार. स्टेशनबाहेर माणूस नाही. दुकानांची शटर्स खाली, खिडक्यांना झडपा, एक मांजर रस्त्याच्या मधोमध झोपलेलं. हवेत मात्र भाजलेल्या लोण्याचा वास.

"कर्फ्यू लागून राहिला का इथे?" गायकवाडने हळूच विचारलं.

बापट मात्र प्रसन्न! बॅग खाली ठेवून त्याने खोल श्वास घेतला आणि म्हणाला, "अखेर एक सुसंस्कृत गाव सापडलं."

गेस्ट हाउसच्या मालकीणबाई मादाम कोलेत. गायकवाडने त्यांना पोटावर हात फिरवून विचारलं, "मादाम, जेवायला जवळपास काय उघडं असेल?"

मादामने बराच विचार केला आणि गंभीरपणे सांगितलं, "मंगळवार."

*

सोमवारी सकाळी गायकवाडने एक उघडी बेकरी शोधून काढली. आत शिरला आणि सिंगापूरच्या सवयीने म्हणाला, "वन ब्रेड, टेकअवे."

काउंटरवरची बाई म्हणाली, "बोंजूर."

"वन ब्रेड."

"बोंजूर."

गायकवाडला वाटलं, ब्रेडच्या जातीचं नाव असेल. म्हणाला, "ओके, वन बोंजूर."

बाईंनी हात बांधले. मागे रांग लागली. शेवटी रांगेतल्या एका आजोबांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवून समजावलं की बाबा रे, इथे आधी नमस्कार, मग पाव!

हे ऐकल्यावर बापटने नियमच करून टाकला. दुकानात बोंजूर, बसमध्ये बोंजूर, लिफ्टमध्ये बोंजूर. मी त्याला सहज म्हटलं, "कुत्र्यांनाही म्हणायचं असतं, नाहीतर मालक दुखावतात." पुढचे चार दिवस आमचा प्रोजेक्ट मॅनेजर गावातल्या प्रत्येक कुत्र्यापुढे किंचित वाकत होता.

गंमत म्हणजे कुत्र्यांचे मालक खूश! मादाम कोलेत मला म्हणाल्या, "तुमच्यात तेवढा एकच गृहस्थ घरंदाज दिसतो."

सिंगापूरला परतल्यावरही ते खूळ उतरलं नाही. सई सकाळी म्हणाली, "पपा, पास द बटर." बापट म्हणाला, "आधी बोंजूर." सईने आईकडे पाहिलं. "मम्मी, पपा ओके ऑर नॉट?"

*

आता मुख्य गोष्ट. चौकात एक कॅफे होता. बाहेर छपरी, छपरीखाली टेबलं. दुपारी गर्दी. कोपऱ्यातलं एक टेबल रिकामं दिसलं. बापट तडक गेला, खिशातून ऑर्किडचं चित्र असलेलं टिश्यूचं पाकीट काढलं, टेबलाच्या बरोब्बर मध्यावर ठेवलं आणि ऑर्डर द्यायला आत गेला.

सिंगापूरला हे कोणाला सांगावं लागत नाही. हॉकर सेंटरमध्ये टेबलावर टिश्यूचं पाकीट ठेवलं की ती जागा तुमची. तुम्ही खुशाल रांगेत उभे राहा. आजूबाजूला माणसं गरम सूपचे ट्रे घेऊन भोवळ येईपर्यंत फिरतील, पण तिथे बसणार नाहीत. याला इथे "चोप" करणं म्हणतात. मराठीत चोप देतात, इथे करतात!

बापट कॉफी घेऊन बाहेर आला. टेबलावर एक भारदस्त, पांढऱ्या मिशांचे गृहस्थ बसले होते. गळ्याला नॅपकिन, पुढ्यात जेवण. त्यांनी बापटचं पाकीट फोडलं, एक टिश्यू काढला, चौकातली कबुतरं उडतील असं नाक शिंकरलं, पाकीट स्वतःच्या खिशात घातलं आणि बापटकडे बघून मान लववली. "मेर्सी."

"अहो, पण..." बापटच्या तोंडून अस्सल मराठी आलं. "अहो, ते माझं आहे!"

"बोंजूर म्हण आधी," मी मागून म्हटलं.

*

दुसऱ्या दिवशी फॅक्टरीत मीटिंग. दार उघडलं आणि पांढऱ्या मिशा आत आल्या. हेच मस्यू जिरार! त्यांना इंग्रजी उत्तम यायचं, पण जेवणाआधी ते बोलायचे नाहीत. म्हणून मीटिंग जेवणानंतर.

बापटने दोन तास प्रेझेंटेशन दिलं. जिरारसाहेबांनी शेवटी टॅग हातात घेऊन उलटसुलट केला.

"हे प्लास्टिक आहे."

"हो."

"कोणीही काढू शकतो."

"काढू शकतो, पण काढायचा नसतो."

"का?"

बापटच्या लेखी काढायचा नसतो म्हणजे नसतो! शेवटी काकुळतीला येऊन म्हणाला, "सर, टॅग म्हणजे आमचं ते टिश्यूचं पाकीट समजा. सिंगापूरला ते टेबलावर असलं की कोणी बसत नाही."

"भूक लागली असली तरी?"

"तरी."

"कोणी बघत नसलं तरी?"

"तरी, सर."

जिरारसाहेब मिशीतल्या मिशीत हसले. "मस्यू बापट, तुमच्या टिश्यूने मी काल नाक शिंकरलं. उद्या आमचा मेकॅनिक तुमच्या टॅगने दात कोरेल. टिश्यूला घाबरणारी माणसं मी अजून पाहिलेली नाहीत." आणि उठता उठता म्हणाले, "बघू."

ते "बघू" घेऊन आम्ही सिंगापूरला परतलो.

*

दुसऱ्या वारीला गायकवाडने जिरारसाहेबांसाठी भेट नेली. ड्युरियनचा गर! ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, फणसाचं हे मलेशियाकडचं काटेरी भावंड. वास असा, की सिंगापूरच्या एमआरटी ट्रेनमध्ये न्यायला बंदी आहे. गायकवाडने तीन पिशव्यांत गुंडाळून डबा मादाम कोलेतच्या फ्रीजमध्ये ठेवला.

सकाळी मादामने फ्रीज उघडला आणि गॅस कंपनीला फोन केला.

गाडी आली. भोंगा वाजला. सगळ्या गल्लीला घराबाहेर काढलं. त्या दिवशी आम्हाला पहिल्यांदा कळलं की या गावात एवढी माणसं राहतात! म्हाताऱ्या, पोरं, शेगडीवरचं अर्धवट आमलेट तव्यासकट घेऊन आलेला एक इसम. सगळे बापटला ओळखत होते. बापट रस्त्यावर उभा राहून एकेका कुत्र्याला बोंजूर करत होता.

जिरारसाहेब त्याच गल्लीत राहायचे. ते नाक वर करून हवा हुंगत आत गेले. गॅसवाले "थांबा, थांबा" म्हणत मागे. मग साहेब बाहेर आले. एका हातात डबा, दुसऱ्या हातात चमचा. डबा निम्मा रिकामा.

गायकवाडचा जीव भांड्यात पडला. "आवडलं, सर?"

साहेबांनी चमचा चाटला. "चीज बरं आहे. पण अजून पिकायचंय!"

"आणि सिस्टिमचं काय, सर? वी?"

"बघू."

*

तिसऱ्या वारीच्या आदल्या दिवशी मी बापटकडे गेलो होतो. जुलै संपत आला होता. ऑगस्टभर उन्हाळी सुट्टीसाठी फॅक्टरी बंद, म्हणजे ही शेवटची संधी. बापटची बायको खिचडी वाढत होती. सई एकदम म्हणाली, "पपा, नो नीड टू वरी, लाह. तुम्ही फक्त जास्त बोलू नका."

"म्हणजे?"

"तुम्ही एक्स्प्लेन करता ना, तेव्हा कोणालाच पटत नाही. जस्ट डू, कॅन?"

बापटने माझ्याकडे पाहिलं. मी खिचडीकडे पाहिलं. पोरगी खरं बोलत होती!

*

शुक्रवार. फॅक्टरीचा सुट्टीआधीचा शेवटचा दिवस. गेटवरच्या बाईने सांगितलं, मस्यू जिरार जेवायला गेलेत, कॅफेत भेटा. संध्याकाळी आमचं विमान.

चौकात बाजाराचा दिवस होता. कॅफे खचाखच भरलेला. जिरारसाहेब बाहेर कुठे दिसेनात, आणि आत शिरायला जागा नव्हती. छपरीखालचं एकच टेबल रिकामं होतं, त्यांचंच, कोपऱ्यातलं. आणि त्याच्या बरोब्बर मध्यावर टिश्यूचं पाकीट!

आम्ही तिघं जागच्या जागी थांबलो.

"बसूया, सर," गायकवाड म्हणाला. "सकाळपासून पोटात काही नाही."

"कोणीतरी ठेवलंय," बापट म्हणाला.

"अरे, फ्रान्समध्ये कोण ठेवणार?" मी म्हटलं. "कोणाचं तरी पडलं असेल."

"पडलेलं पाकीट असं मधोमध नसतं."

तेवढ्यात पाऊस आला. साधासुधा नाही, आडवातिडवा. छपरीखाली त्या टेबलापाशी तीन खुर्च्या, कोरड्या ठणठणीत. आणि आम्ही समोरच्या कारंज्याशी उभे, हातात बाजारातून घेतलेली, भिजणारी सँडविचेस.

"सर, ही काय जिद्द करून राहिले तुम्ही?"

"दुसऱ्याची जागा आहे, गायकवाड."

"पण बघतंय कोण?"

बापटच्या चष्म्यावरून पाणी निथळत होतं, पण हू की चू नाही. सईने सांगितलं होतं ना, बोलायचं नाही.

मग एक बाई भाजीची पिशवी सावरत आल्या आणि त्यातल्या एका खुर्चीकडे वळल्या. बापट धावला! डबकी तुडवत, हात वर करून, "मादाम! मादाम, बोंजूर!" बाई दचकल्या. त्याने पाकिटाकडे बोट दाखवलं आणि मान हलवली. बाईंनी पाकीट पाहिलं, हा भिजलेला माणूस पाहिला, पुन्हा पाकीट पाहिलं आणि निमूटपणे दुसरीकडे गेल्या. थोड्या वेळाने एक जोडपं आलं. बापट पुन्हा धावला. तेही गेलं. तिसरा माणूस आला, त्याने दुरूनच बापटला पाहिलं आणि स्वतःहून रस्ता बदलला.

"आता तर सगळं गावच चोप केलं याने," मी गायकवाडला म्हटलं. गायकवाड हसला नाही. त्याचा पाव हातातच विरघळला होता.

विमानाची वेळ झाली. मी म्हटलं, "बापट, चल." तो म्हणाला, "ज्याचं आहे तो येऊ दे." पाऊस थांबला. बाजारवाल्यांनी टेबलं आवरायला घेतली.

तेव्हा कॅफेचं दार उघडलं आणि आतून जिरारसाहेब आले. गळ्याला नॅपकिन तसाच. दाराशेजारच्या खिडकीतलं टेबल मला आता दिसलं. सूपपासून चीजपर्यंत सगळ्या बश्या त्यावर रिकाम्या पडल्या होत्या.

ते सावकाश कोपऱ्यातल्या टेबलाशी येऊन बसले. आमच्याकडे पाहिलं. एकेकाकडे, डोक्यापासून बुटापर्यंत. मग पाकीट उचललं. आता ते मला जवळून दिसलं. वर ऑर्किडचं चित्र होतं, आणि एक कोपरा आधीच फोडलेला.

त्यातून त्यांनी एक टिश्यू काढला आणि चौकातली कबुतरं उडतील असं नाक शिंकरलं. मग पाकीट बापटच्या दिशेने सरकवलं आणि पायाने एक खुर्ची पुढे ढकलली.

बापट ओल्या बुटांनी दोन पावलं पुढे गेला.

"बोंजूर," तो म्हणाला.

"वी," जिरारसाहेब म्हणाले.