कुणालाच न बसणारा कोट

आपोरोसाचे कोट आपोरोसा सोडून सगळ्यांनी वापरले. सावुसावु गावाच्या या एकुलत्या एक रस्त्यावर आजोबांच्या शिलाई मशीनमागे बसून मी उभी हयात काढली, त्यामुळे हे मी छातीठोकपणे सांगू शकतो. त्याचा तपकिरी कोट मी सुवाच्या बोटीत चढताना पाहिला. आत आपोरोसा नव्हता. त्याचा राखाडी कोट रग्बीच्या मैदानाच्या कुंपणावर घामेजून वाळत पडलेला पाहिला. आणि निळ्या पट्ट्यांचा कोट तर एका लग्नात खुद्द नवरदेवाच्या अंगावर होता. त्या वेळी आपोरोसा बाह्या दुमडून डुक्कर भाजायच्या खड्ड्यावर माती ओढत होता आणि पाहुण्यांना सांगत होता, "बघा, कोट कसा शोभतोय!"

दोष तसा कुणाचाच नाही. आपोरोसाला एक थोरली बहीण आहे, उनाइसी, आणि तिला पाच मुलगे. आमच्या फिजीत बहिणीचा मुलगा म्हणजे वासू. मामाच्या घरातलं काहीही वासूच्या मनात भरलं, की त्याने ते उचलायचं आणि मामाने तोंडभर हसायचं. विचारायची गरज नाही. मामाने तोंड वाकडं केलं तर गावभर छीथू होते. उनाइसीच्या पोरांनी मामाचा रेडिओ नेला, छत्री नेली, अंडी देणारी कोंबडी नेली, एकदा तर वल्ही नेली आणि दुसऱ्या दिवशी येऊन होडीही नेली. आपोरोसा हसतच राहिला. फक्त कोट गेला की दोन दिवस त्याचं जेवणात लक्ष नसायचं.

त्यातून हा गृहस्थ कोट घ्यायचा समोरच्या रेडिमेडच्या दुकानातून. मी त्याला कितीदा सांगितलं, की बाबा रे, रेडिमेड कोट म्हणजे धर्मशाळा. कोणीही शिरावं, सगळ्यांचं थोडंफार भागतं, घर मात्र कुणाचंच होत नाही.

"तुझ्या कोटाला महिना लागतो, मास्तर," तो म्हणायचा. "तिथे पाच मिनिटांत मिळतो."

"आणि पाच मिनिटांत जातो."

यावर तो खो खो हसायचा आणि माझ्या भिंतीला टेकून बसायचा. नेहमी डाव्या अंगाने टेकून. त्याचा डावा खांदा उजव्यापेक्षा चांगला चार बोटं खाली होता. तो खोबऱ्याच्या गिरणीत हमाली करायचा. "पोत्यांनी खांदा खाल्ला," असं तो सगळ्यांना सांगायचा. गावातली टवाळ मंडळी त्याला 'कलती होडी' म्हणायची, आणि त्यांच्याआधी, त्यांच्याहून मोठ्याने हसणारा तोच असायचा. मीसुद्धा पोत्यांची गोष्ट खरी मानून चाललो होतो.

एका सोमवारी तो आला आणि त्याने दुकानाचं दार लावून घेतलं. माझ्या दुकानाचं दार दिवसा कोणी लावत नाही. त्याला बिजागरी एकच आहे.

"मास्तर, मला चर्चमध्ये प्रवचनकार केलंय. पुढच्या महिन्यात पहिलं प्रवचन."

"अरे वा! मग समोर जा, कोट लटकलेत."

"टोमणे नंतर मार. कोट तू शिव. पण असा शिव, की माझ्याखेरीज कुणाच्या बापाला बसता कामा नये."

"भाच्यांना घाबरलास?"

"घाबरतोय कशाला? पोरं माझीच आहेत, हवं ते नेऊ देत. पण एकदा, फक्त एकदा, मला माझ्या कोटात सगळ्या गावापुढे उभं राहायचंय. त्यांना तो बसलाच नाही, तर तेच ठेवून जातील. म्हणजे मी नाही म्हटलं असंही होत नाही."

"म्हणजे रिवाजही पाळायचा आणि कोटही राखायचा. पोहोचलेला आहेस की!"

तो हसला. मग आरशाकडे बघत, आवाज खाली आणून म्हणाला, "मास्तर, खांदा सरळ दिसेल ना?"

इतक्या वर्षांत त्याने हा प्रश्न कधी विचारला नव्हता. 'कलती होडी' ऐकून तो सगळ्यांआधी का हसत होता, ते मला तेव्हा कळलं आणि स्वतःचीच लाज वाटली. मी टेप गळ्यात अडकवली आणि म्हटलं, "हात खाली सोड."

रेडिमेडवाल्यांची समजूत अशी, की देवाने माणसं साच्यातून काढली आहेत. त्यांनी एकदा आपोरोसाचं माप घेऊन बघावं. छाती पिंपासारखी, हात आखूड, मान जवळजवळ नाहीच, आणि पोटाला भरती-ओहोटी. पहिल्या ट्रायलच्या आदल्या दिवशी गावात मयताचं जेवण होतं. कच्च्या टाक्यांचा कोट त्याने अंगात घातला आणि टाके टपाटप तुटले. दुसऱ्या ट्रायलला हा पश्चात्तापाने उपाशी राहून आला, तर कोट पोटावर पिशवीसारखा. मी कातरी आपटली.

"आपोरोसा, एक काय ते ठरव. कोट कुठल्या पोटासाठी शिवू?"

"मधल्या," तो गरिबासारखं म्हणाला.

खांद्याचं काम मात्र मी जीव ओतून केलं. डाव्या बाजूला कॅनव्हासचे थरावर थर चढवून पॅड बनवलं, उजव्या बाजूला नुसतं अस्तर. कॉलर एका अंगाला उतरती कापली, डावा काठ उजव्यापेक्षा लांब ठेवला. टेबलावर पसरला की तो कोट इतका वेडावाकडा दिसायचा, की माझी बायको म्हणाली, "आता चष्मा बदला, नाहीतर धंदा."

पण आपोरोसाने तो घातला. काळा कोट, खाली त्याच कापडाचा खिशाचा सुलू, म्हणजे आमच्याकडची शिवलेली लुंगी, गुडघ्याखाली नीट उतरलेली. आरशातल्या माणसाचे दोन्ही खांदे खिडकीच्या चौकटीसारखे समान होते.  त्याने आरशाकडे बोट करून विचारलं, "हा कोण?"

"प्रवचनकार," मी म्हटलं.

त्याने माझा हात इतका दाबला, की दोन दिवस मला सुई धरता येईना.

कोट घरी पोहोचला आणि गुळाला मुंगळे लागावेत तसे चार भाचे ओसरीवर हजर. मीही मुद्दाम थांबलो. थोरला इसिकेली, सहा फुटी गडी, त्याने हक्काने कोट उचलला आणि अंगात घातला. बाह्या कोपराखाली संपल्या. डावा खांदा कानापर्यंत चढला. चांगला ताठ माणूस पंख मोडलेल्या कोंबड्यासारखा दिसायला लागला.

"मामा, हा कोट आजारी आहे," इसिकेली म्हणाला.

"कोट नाही, शिवणारा आजारी आहे," दुसरा म्हणाला.

मग दुसरा, तिसरा, चौथा. जो घालील तो वाकडा. आपोरोसा हसून हसून खांबाला धरून खाली बसला. डोळे पुसत म्हणाला, "घ्या रे, घ्या! मी नाही म्हटलंय का? न्या ना!" पोरांनी कोट गुपचूप खुंटीला लावला. पण मामाच्या घरून रिकाम्या हाताने जाणं बरं दिसत नाही, म्हणून जाताना त्याच्या नव्या चपला नेल्या.

प्रवचनाच्या रविवारी मीही चर्चला गेलो. माझा देव वेगळा, पण कोट माझा होता. अंगणात फणसाच्या झाडाखाली सगळा गोतावळा जमला होता, आणि आपोरोसा जुन्या चपलांवर नवा कोट घालून, कुठेही न टेकता, मधोमध उभा होता. बायका त्याच्याकडे बघून काहीतरी कुजबुजत होत्या आणि त्याला ते कळत होतं.

तेवढ्यात माझी नजर झाडाकडे गेली. खोडाला डाव्या अंगाने टेकून एक तिशीचा माणूस उभा होता. पिंपासारखी छाती, आखूड हात. अंगात रेडिमेड कोट, बाह्या नखांपर्यंत, एक बाजू ओघळलेली. तो केलेपी, उनाइसीचा धाकटा. लहानपणीच काकाकडे सुवाला शिकायला गेला आणि तिथेच कारकून झाला, इकडे क्वचितच फिरकायचा. मामाचं प्रवचन ऐकायला कालच्या बोटीने आला होता. मी शिंपी आहे, आधी खांदा बघतो, मग चेहरा. त्याचा डावा खांदा चार बोटं खाली होता. या पोराने जन्मात पोतं उचललेलं नव्हतं.

 कुणाच्या लक्षात येऊ नये म्हणून मी पटकन नजर वळवली. पण इसिकेलीच्या जिभेला हाड कुठे?

"केलेपी, तू राहिलास की! मामाचा आजारी कोट घालून बघ."

"नको," केलेपी म्हणाला.

"घाल रे, घाल!" आपोरोसा स्वतःच कोट काढत म्हणाला. तोवर त्याला आपल्या कोटाचा चांगलाच ताठा चढला होता. "सगळ्यांनी हौस भागवली, तू का मागे?"

केलेपीने आपला कोट फांदीला अडकवला आणि मामाचा घातला. एक बटण लावलं. सगळे हसायच्या तयारीत होते, ते तसेच राहिले. बाही मनगटावर थांबली होती, कॉलर मानेला धरून होती, आणि खांदे सरळ होते. पलीकडे ट्रक उभा होता. त्याच्या काचेत केलेपीला स्वतःचं रूप दिसलं. तो एक पाऊल पुढे आला आणि झाडापासून सुटला. उनाइसीने पदर नसल्यामुळे तळहातच तोंडावर धरला.

मग तो घाईघाईने बटण काढायला लागला. "आज तुझा दिवस आहे, मामा. मला घालायला मिळाला, पुष्कळ झालं."

चर्चचा लाकडी ढोल वाजायला लागला. आपोरोसा भाच्याच्या खांद्याकडे बघत होता. त्याच्या चेहऱ्यावरचा ताठा कुठल्या कुठे गेला होता. तो फांदीशी गेला, तो रेडिमेड कोट काढला आणि अंगात घातला. डावी बाजू ओघळली, बाह्या नखांवर आल्या.

"चला, उशीर होतोय," तो म्हणाला.

मी त्याच्यामागे धावलो. "अरे वेड्या, उद्या दे! संध्याकाळी दे! प्रवचन तरी होऊ दे!"

तो बाह्या सावरत तसाच आत शिरला. केलेपी कोट काढून हातात धरून मागे आला, तर उनाइसीने त्याला थांबवून तो पुन्हा अंगात घालायला लावला. "वासूने परत करायचं नसतं," ती म्हणाली. 

आपोरोसा प्रवचनाला उभा राहिला. मागच्या बाकांवरून कुणीतरी 'कलती होडी' म्हणालं आणि खसखस पिकली. या खेपेला तो आधी हसला नाही. तो त्यांचं हसून व्हायची वाट बघत थांबला.

"बरोबर आहे," तो म्हणाला. "खांदा वाकडाच आहे. तुम्हाला इतकी वर्षं सांगत आलो, पोत्यांनी झाला. थाप होती. मी असाच जन्मलो. माझ्या आईने मला असाच मांडीवर घेतला आणि तिला माझ्यात काही कमी दिसलं नाही. आता मूळ प्रवचनाकडे वळू."

मूळ प्रवचन सहनशीलतेवर होतं आणि ते संपता संपेना. बाहीतून बोटं शोधून पान उलटायला त्याला दर वेळी वेळ लागत होता. पण कुणी हसलं नाही. तिसऱ्या बाकावर, भिंतीपासून लांब, केलेपी बसला होता, आणि माझ्या हातचा कोट त्याच्या अंगावर असा बसला होता की मला रागाने नीट बघवेना.

जेवणाच्या वेळी मी आपोरोसाला गाठलं. त्याच्या ताटात डुक्कर, माझ्या ताटात दालोचा कंद.

"महिनाभर डोळे फोडले मी," मी म्हटलं. "कोट कुणालाच बसू नये म्हणालास, मी तसा शिवला. त्या पोराने मागितला असता तर गोष्ट वेगळी. त्याने तर मागितलाही नाही, उलट परत देत होता!"

आपोरोसाने तोंडातला घास संपवला.

"मास्तर, वासू मागत नाही, उचलतो. या पोराने जन्मायच्या आधीच माझा खांदा उचलून नेला. मला पत्ताही नाही. तिकडे सुवाला इतकी वर्षं एकटा भिंतीला टेकून लपवत बसलाय. खांदा नेऊ दिला, आणि आता कोटाला नाही म्हणू?"

त्याची बाही रश्श्यात बुडाली होती. मी ती बाहेर काढली, पुसली आणि दोन घड्या घालून मनगटापर्यंत दुमडून दिली.