दत्तूदाच्या रंगीत टेपा

दत्तूदाच्या सुनंचा फोन आला तवा मी बावड्यात एका गच्चीवर केबलची वायर सोलत हुतो. तिचा फोन म्हंजे टीव्ही बंद, हे ठरल्यालं. म्हणून तिला बोलूच दिलं न्हाय. "चित्र येत न्हाय न्हवं? येतो की." ती म्हणाली, "काका, मामा गेलं..." दत्तूदाला जाऊन आता महिना झाला. माझी लेक हे लिहून घेतीया. मला सहीपलीकडं काय येत न्हाय.

नव्वदच्या पुढंमागं दत्तूदानं घरावर डिशची छत्री बसवली, गल्ल्यागल्ल्यांतनं केबल वढली आणि मला शिडीवर चढवलं. पहिल्याच आठवड्यात मी भलत्याच गल्लीची वायर कापली. मॅच रंगात आल्याली. आख्खी गल्ली दारात. "कुणी कापली रं?" "वाऱ्यानं," मी म्हटलं. हातात पक्कड. दुसऱ्या दिवशी दत्तूदानं वायरींवरच्या नंबराच्या चिठ्ठ्या काढल्या आणि रंगीत टेपा गुंडाळल्या. तालमीच्या गल्लीला तांबडी, देवळामागं हिरवी, असं. "टेप असली की पावसाचं पाणी शिरत न्हाय," म्हणाला. मीबी तेच गावभर सांगत सुटलो, इंजिनेर असल्यागत. फकस्त त्याच्या घरच्या वायरीला टेप न्हवती. म्हटलं, "हितनं शिरंल की पाणी!" "शिरू दे. घरचीच हाय."

पुढं एकेक केबलवाला मोठ्या कंपनीत जायला लागला. छत्र्या उतरल्या, सगळ्यांचं चित्र एकाच कंट्रोल रूममधनं यायला लागलं. दत्तूदाची पाळी आली तवा कंपनीचा साहेब म्हणाला, "टेपा काढा, नंबर लावा. आमचं काम नकाशावर चालतं." दत्तूदा म्हणाला, "समदं घ्या. टेपा ऱ्हातील आणि ह्यो शिडीवाला ऱ्हाईल." साहेब उठून गेला. मी दत्तूदावर वरडलो, "टेपंसाठी धंदा घालवतोस व्हय? याड लागलंय तुला!" आठ दिवसांनी साहेब परत आला, कबूल झाला. माझं काम बघूनच मला घेतलं म्हणून मी तालमीत पेढं वाटलं.

पहिल्या दिवशी हातात नकाशा आला. सरळ धरलाय का उलटा, तेबी कळंना. वर खांबाकडं बघितलं. तांबडी, हिरवी... तवा टाळक्यात उजेड पडला. पाण्याचा काय संबंधच न्हवता. दत्तूदाला मातर तसं कधी बोललो न्हाय. लाज वाटायची.

परवा सुनंचा परत फोन. खरंच टीव्ही बंद. गच्चीवर गेलो. छत्रीचा गंजल्याला पाय तिथंच हाय, टेपा उन्हानं इटल्यात. बिनटेपेची वायर धरली, सोलली, जोडली.

खालनं सून वरडली, "आलं काका, चित्र आलं!"

मी वायर सोडली न्हाय. बसलो थोडा येळ.