बायनाबाईचा उतारा

"साऱ्या सिरसाळ्याची दुखणी उतरवली तुमी, आत्याबाई. अन् घरच्या सुनेला, मलाच न्हाई म्हंता?"

"न्हाईच म्हंते. पोटाचं हाय ते, विंचू न्हाई. आदी दवाखाना."

"अन् भरती करून घेतलं मंग? नवराबायको मिळून एक कोयता धरत्यात; बाई नसली की कोयता मोडला. तुमच्या लेकानं एकट्यानं ऊस तोडायचा, अन् मोळ्याबी त्यानंच बांधायच्या व्हय?"

"मोडू दे कोयता."

"कावून एवढा हट्ट?"

बायनाबाईची सून सुनिता उजवी कूस दाबून भिंतीला टेकली होती. दुखायला लागून तीन दिवस झाले होते. बाहेर तिचा नवरा भागवत ऊसतोडीला निघण्यासाठी ट्रॉलीत बिऱ्हाड चढवत होता. कोंबड्यासुद्धा चढल्या होत्या.

बायनाबाईला मंत्रबिंत्र काही येत नव्हता. बापाकडून तिला आला होता तो फक्त आवाज. विंचू चावलेला माणूस बोंबलत आला की ती त्याला उंबऱ्याशी बसवायची. लिंबाचा डहाळा खांद्यापासून बोटांपर्यंत हळूहळू उतरवत बोलत राहायची. "डोळे मीट. नदीत उतर. गार पाणी हाय. गुडघ्याला लागलं... कोपराला लागलं... हात आता तुजा न्हाई, नदीचा हाय." माणसाचा श्वास लांबायचा. दारातलं कुत्रं त्याला पल्याडच्या काठावर भुंकल्यासारखं वाटायचं. आग विझायची. विष मात्र जागच्या जागीच राहायचं.

उसाच्या फडात एका सकाळी तिच्या नवऱ्याला, आसारामला, वाळल्या पाचटात काहीतरी चावलं. विंचूच असणार, दोघंही म्हणाली. गाडी भरायची होती. तिनं त्याला तिथंच नदीत उतरवलं. तो हसत उठला, कोयता घेऊन कामाला लागला. दुपारी पाय मांडीपर्यंत सुजून काळानिळा झाला, तरी म्हणे, "न्हाई दुखत, बायने." घोणस होती. दवाखान्याच्या वाटेवर तो गेला, तेव्हाही ओठावर तेच होतं.

सात वर्षं झाली. अजून चुलीवर आधण आलं की त्या बुडबुड्यांत तिला ऐकू येतं, न्हाई दुखत. तेव्हापासून तिच्या बोटांना तव्याचा चटका कळत नाही.

"तुज्या सासऱ्याचं दुखणं हाका मारीत व्हतं गं," ती म्हणाली. "म्या त्याचं तोंड दाबलं."

बाहेर ट्रॅक्टरचा हॉर्न वाजला.

"ऱ्हाऊ द्या," सुनिता म्हणाली. "नऊ वर्सं ऐकतीय. मला येतंय."

तिनं डोळे मिटले आणि स्वतःलाच सांगू लागली. "नदीत उतर... गार पाणी हाय..." आवाज बायनाबाईचाच होता, थांबायची जागासुद्धा तीच. कपाळावरची आठी विरली. कुशीवरचा हात आपोआप गळून पडला.

"सुनिता! उघड डोळे!" बायनाबाईनं तिचे खांदे गदागदा हलवले. "दुखतंय का? दुखतंय म्हण, बाई माजी! एकदा तरी म्हण!"

सुनितानं डोळे उघडले. गाठोडं उचललं, कोयता काखेत धरला आणि उजव्या अंगाला जराशी वाकून उंबरा ओलांडत ट्रॅक्टरकडे चालत गेली.