मागून येणारी सायकल

न दिसणाऱ्या गोष्टींना घाबरणारी माणसं मी पुष्कळ पाहिली, त्यांना हसणारीही पाहिली. पण न दिसणाऱ्या गोष्टीचा वेळ घड्याळ लावून मोजणारं माणूस आयुष्यात एकच भेटलं, आणि ते परभणीत आमच्याच घराच्या वरच्या खोलीत चार वर्षं भाड्यानं राहत होतं. बोरी गावच्या लिंगायत शेतकरी घरातली ही मुलगी. मृदाशास्त्रात पीएच.डी. करत होती आणि त्याच वेळी डोंगरातल्या सायकल-शर्यतींत उतरत होती. यातलं काम कुठलं आणि छंद कुठला, असं मी एकदा विचारलं तर म्हणाली, "काका, सकाळी एक असतंय, दुपारी दुसरं. संध्याकाळी मलाच कळत न्हाई." पहिल्याच आठवड्यात तिनं आमच्या सौभाग्यवतींकडे पोथी ठेवायचं लाकडी व्यासपीठ मागितलं. पोरगी धार्मिक दिसते म्हणून हिनं मोठ्या कौतुकानं दिलं. दोन दिवसांनी वर जाऊन पाहिलं, तर ते सायकलच्या दांड्याला सुतळीनं आवळलेलं, त्यावर जमिनीच्या ओलाव्यावरचा जाडजूड ग्रंथ, सायकल खोलीतल्या खोलीत, जागच्या जागी चाकं फिरवणाऱ्या रोलरवर गरगरतेय आणि दोन्ही हात गुंतलेत म्हणून ही बाई नाकानं पान उलटतेय!

तिचा अभ्यासाचा विषय येलदरीच्या धरणाचा गाळ. दिवाळीनंतर पाणी मागं हटू लागलं की खालची काळीभोर जमीन उघडी पडते आणि आसपासचे लोक त्यात गाळपेर करतात. तो गाळ आठवड्याला किती वाळतो, किती भेगाळतो, हे ती मोजायची. मातीचे नमुने थंड राहावेत म्हणून आमच्या फ्रिजमध्ये चटणीच्या डब्याशेजारी ठेवायची. एकदा पाव्हण्यांसाठी घाईघाईत चहा टाकताना आमच्या हिनं पुडी ओळखली नाही आणि येलदरीचा गाळ उकळला. पाव्हणे भले होते. "चहा जरा कडक झालाय," एवढंच म्हणून पिऊन गेले. नमुना वाया गेला म्हणून पोरगी दिवसभर जेवली नाही, आणि पाव्हण्यांची तब्येत बरी आहे ना, हे मात्र तिनं तीन दिवस फोन करून विचारलं. काळजीपोटी की निरीक्षण म्हणून, ते शेवटपर्यंत कळलं नाही.

एक खोड मात्र वाईट होती. तिला कुणी मागं टाकलेलं सोसायचं नाही. शर्यतीत एखादी मुलगी पुढं गेली की पोरगी सायकल बाजूला घेऊन उतरायची आणि सरळ घरी यायची. असं दोनदा झालं. अभ्यासातही तेच. तिच्या तिसऱ्या प्रकरणाचा विषय दुसऱ्या कुणीतरी आधीच छापला, तर तिनं ते प्रकरण सहा महिने ट्रंकेत घालून ठेवलं. तिचे मार्गदर्शक घरी येऊन माझ्यासमोर म्हणाले, "शिवरात्रीच्या आत प्रबंध द्या, नाहीतर नाव काढून टाकावं लागेल. आणि ते दोन चाकांचं काय ते बघा." सायकल-संघाच्या निवडीची शर्यतही नेमकी शिवरात्रीनंतरच्याच रविवारी होती. ती मान खाली घालून "हो सर" म्हणाली आणि ते गेल्यावर माझ्याकडे वळली. "काका, तुमी शाळेत पीटी शिकवायचात ना? ह्या रविवारी डोंगरावर याल का? माझ्या मागं एकजण सायकल चालवायलाय. त्याचा वेळ घ्यायचाय."

एखादा टवाळ पोरीच्या मागं लागला असेल, या समजुतीनं मी स्टॉपवॉचबरोबर काठीही घेतली. जिंतूरच्या पुढं, येलदरीच्या अलीकडे डोंगराची एक धार आहे. तिच्यावरून गाडीवाटेसारखी एक दगडी वाट खाली पाण्यापर्यंत उतरते. वाटेच्या मध्यावर एक काळ्या दगडाचं पडकं देऊळ आहे. चारठाण्याच्या देवळांसारखंच जुनं, पण कुणी न विचारलेलं. सायकल घालून आणलेली व्हॅन माथ्यावर लावून मी पायी उतरलो आणि देवळाच्या पायरीवर बसलो. सकाळचे दहा वाजले असतील. ऊन लख्ख, वारा नाही. वरून ती सुटली, खडी उडवत माझ्यासमोरून गेली, मी घड्याळ सुरू केलं आणि काठी सरसावली. पलीकडच्या बोरीच्या झाडावर टिवटिवणारे पक्षी एकाएकी गप्प झाले. मग चाक मोकळं फिरताना होते ती टिकटिक वरून येऊ लागली. जवळ आली. माझ्यापुढचे दोन खडे उडून बाजूला पडले, ओल्या गाळाचा थंड वास नाकाला लागला आणि टिकटिक खाली निघून गेली. वाटेवर कुणी नव्हतं. अंगावर सरसरून काटा आला. पण बत्तीस वर्षांच्या पीटी-मास्तरकीची सवय अशी, की अंगठ्यानं आपलं काम केलं होतं. घड्याळात चाळीस सेकंद दिसत होते.

मी खाली पोचलो, तर ही पाण्याच्या कडेला गाळात पट्टी रोवून बसलेली. "किती?" मी आकडा सांगितला. तिनं तो मातीच्या नोंदवहीत, ओलाव्याच्या रकान्याशेजारी लिहिला आणि समाधानानं म्हणाली, "म्हंजे लय मागं हाय की तो."

"अगं, कोण आहे तो?"

"ते न्हाई माहीत. दिवाळीपासून यायलाय. मी थांबले की थांबतंय. पण काका, तो मागं असला की माझा वेळ दीड मिनिटानं सुधारतो."

तिथं शेळ्या चारणारे एक म्हातारे आबा होते. मी त्यांना हळूच विचारलं. आबांना काहीच नवल वाटलं नाही. "लय जुनं हाय ते, मास्तर. आमच्या लहानपणी बैलगाडी घेऊन उतरलं की मागं बैलगाडी वाजायची. घुंगरासकट. मग फटफटी वाजायली. आता ह्या पोरीमुळं सायकल वाजायलीय. जमान्यासारखं ते बी बदलायलंय."

"कुणाला गाठलं का कधी त्यानं?"

"माझ्या चुलत्याला गाठलं व्हतं. त्यानं बैल दामटले. गाडी सापडली, चुलता न्हाई." आबांनी शेळीला हाळी दिली आणि पुन्हा माझ्याकडे वळले. "गाठलं तर रस्ता द्यायचा. आपल्या बापाचा हाय का रस्ता?"

दुसऱ्या रविवारी अंतर सदतीस सेकंदांवर आलं. तिसऱ्या रविवारी चौतीस. आबांचं बोलणं मी तिला सांगितलं आणि विनवलं, दुसरा डोंगर बघ. ती म्हणाली, दुसऱ्या डोंगराखाली गाळ नाही. तिनं आलेख काढला. प्रबंधातल्या आलेखांपेक्षा हा जास्त नीट होता. रेघ पुढं ओढली तर ती शिवरात्रीच्या आदल्या रविवारी शून्यावर टेकत होती. "दमल्यामुळं तू सावकाश उतरत असशील," मी म्हणालो. तिनं स्वतःचे वेळ दाखवले. ती दर आठवड्याला वेगानंच उतरत होती. वेग त्याचा वाढत होता. आमच्या हिनं घरच्या घरी लिंबू-मिरची केली आणि सायकलला बांधली. पोरीनं ती वजन करून पाहिली आणि परवानगी दिली. रात्री प्रबंध लिहायचा, पहाटे रोलर, रविवारी डोंगर. डोळ्यांखाली काळं आलं. तीन सेकंदांवर आकडा आला तेव्हा मी सरळ सांगितलं, मी येणार नाही. ती जिन्यात उभी राहिली. तिचा हात नकळत गळ्यातल्या लिंगाकडे गेला होता. चार वर्षांत पहिल्यांदाच मला ती एवढीशी दिसली.

"काका, मला बी भ्या वाटायलंय. पण न गेले तर ते तिथंच राहील का? इथं जिन्यात यायलं तर?"

मी गेलो.

त्या रविवारी देवळाच्या पायरीवर बसलो तेव्हा बोरीवर पक्षी नव्हतेच. वरून ती निघाल्याचा आवाज आला आणि तो एका सायकलचा नव्हता. टिकटिक दुहेरी होती. ती वळणावरून आली; चेहरा पांढराफटक, कोपरं बाहेर, आणि तिच्या मागच्या चाकाला जवळजवळ चिकटून वाटेवरची धूळ वेगळीच उठत होती. माझ्यासमोरून दोन्ही आवाज एकदमच गेले. मी घड्याळ दाबायलाच विसरलो. खालच्या वळणाआड एकदम कचकन ब्रेक वाजले. मग काहीच नाही.

मी कसा धावलो ते माझे गुडघे अजून सांगतात. वळणापलीकडे ती वाटेच्या डाव्या कडेला, एक पाय जमिनीवर टेकून उभी होती. दोन्ही ब्रेक मुठीत गच्च, आणि डोळे खालच्या वाटेवर. तिच्या पुढं वाटेवरून एक धुळीची रेघ उताराला पळत होती, वळण घेत होती, पाण्याकडे चालली होती. मीही पाहिली. पाण्याच्या कडेला ती दिसेनाशी झाली.

"गेला," ती म्हणाली. "मी म्हणाले, डावीकडं सरते, जा बाबा. शर्यतीत म्हणतात तसं." मग ती उतरून वाटेवर वाकली. "काका, हे बघा." तिच्या मागच्या टायरच्या नक्षीतला एक रबरी गट्टू तुटलेला होता, त्यामुळं तिच्या ठशात दर चार-पाच हातांवर एक फट पडायची. ती जिथं थांबली होती तिथून पुढं, जिथं ती आज गेलीच नव्हती तिथं, तीच फट पडत पडत ठसा खाली उतरला होता. गेल्या रविवारचा असेल म्हणावं, तर सकाळीच आबांच्या शेळ्या तिथून गेल्या होत्या. सगळ्या वाटेवर खुरांची नक्षी होती आणि हा ठसा त्या खुरांच्या वर होता.

मला वाटलं, ही आता रडेल किंवा पडेल. ती बराच वेळ त्या ठशाकडे पाहत राहिली. मग नाक ओढून म्हणाली, "मलाच मी गाठलं म्हंजे. चला, नमुने घ्यायचेत. पाणी बरंच हटलं असंल."

घरी येऊन तिनं ट्रंक उघडली. तिसरं प्रकरण चार दिवसांत लिहून काढलं. पहिल्याच पानावर, हे काम आपल्याआधी कुणी केलं त्याचं नाव मानानं घातलं. शिवरात्रीच्या आदल्या दिवशी प्रबंध गेला. मार्गदर्शकांनी तो हातात घेऊन वजन पाहिलं आणि "बरं झालं" म्हणाले. त्यांच्याकडून ही मोठीच शाबासकी. नंतरच्या रविवारी शर्यतीत पहिल्याच चढावर तीन मुली तिच्या पुढं गेल्या. मी कडेला उभा होतो. ही आता उतरणार म्हणून पाण्याची बाटली घेऊन पुढं झालो, तर तिनं मान डावीकडं झुकवून त्यांना वाट दिली आणि त्यांच्या मागं लागली. उतारावर दोघींना तिनं पुन्हा गाठलं. दुसरी आली. संघात निवड झाली. पदक तिनं आमच्या हिच्या गळ्यात घातलं, आणि हिनं ते दोन दिवस भाजी आणायलाही घालून नेलं.

आता ती मातीची डॉक्टरीण आहे, दूर उत्तरेकडच्या पहाडी मुलुखात नोकरी करते. वरची खोली आम्ही पुन्हा भाड्यानं दिली नाही. द्यायचं म्हणतो आणि राहून जातं. मागच्या महिन्यात तिचा फोन आला. बराच वेळ तिथल्या मातीबद्दल बोलली, तिथल्या डोंगरांबद्दल बोलली. लय उंच आहेत म्हणे, आपल्या धारेसारखे दहा एकावर एक ठेवावेत एवढे. वाटा चांगल्या आहेत, हवा चांगली आहे, माणसं चांगली आहेत. "पण काका, इथं मागं कुणीच येत न्हाई," ती म्हणाली. "करमत न्हाई."

मी विचारलं, "जेवलीस का?"

"हो," ती म्हणाली. आणि मी फोन कानाला लावूनच जिना चढून वरच्या खोलीचं दार उघडलं.