घुमटाला दिलेलं ऊन

आमच्या विदर्भातल्या शाळेच्या स्नेहसंमेलनात दरवर्षी कोळीनृत्य असतं. समुद्र कुठल्या दिशेला, असं विचारलं तर नाच बसवणाऱ्या बाई नांदुरा स्टेशनाकडे बोट दाखवतील. जाळं म्हणून व्हॉलीबॉलची नेट, मासे पुठ्ठ्याचे आणि गाणं मोबाइलमधून. या भंपकपणाचा मला मनापासून तिटकारा. मी अकरा वर्षं सिंधुदुर्गात मास्तरकी करून बदलीने गावी परतलेलो. कोकण कशाशी खातात ते इथे फक्त मलाच कळतं, याबद्दल मला शंका नव्हती.

येताना मी तिकडून एक घुमट आणला होता. घुमट म्हणजे दोन्हीकडून उघडं मातीचं मडकं, एका तोंडावर ताणून बसवलेलं बकऱ्याचं कातडं. गणपतीच्या आरत्यांना वाजतो. ज्या म्हाताऱ्याकडे मी शिकलो, त्याची बोटं आता वळत नव्हती. निरोपाच्या दिवशी त्याने स्वतःचाच घुमट माझ्या हातात ठेवला.

"थंय वाजवा गुरुजी, नि माका फोनार आयकवा," एवढंच म्हणाला.

यंदा मी भांडून नाचाला घुमट लावला. मुख्याध्यापक म्हणाले, "वाजवा, पण गाणं चालूच ठेवू, नाहीतर पब्लिक उठून जाईल." असल्या माणसाशी काय बोलणार? संध्याकाळी पाचला फोन लावतो, असं मी म्हाताऱ्याला कळवून टाकलं.

कोकणातल्या दमट हवेत कातडं सैल पडतं, म्हणून वाजवण्याआधी घुमटाला ऊन दाखवतात. मीही भर दुपारी तो शाळेच्या ओट्यावर ठेवला. मार्च महिना होता.

शिपाई म्हणाला, "सर, इतक्या उन्हात काऊन ठेवून राह्यले ते? तडकीन ना."

घंटा वाजवणाऱ्याने मला वाद्य शिकवावं! मी त्याच्याकडे असं पाहिलं की बिचारा मुकाट्याने खुर्च्या लावायला गेला. दोन तासांनी पाहतो तर कातडं या काठापासून त्या काठापर्यंत उललं होतं.

पाच वाजता नाच सुरू झाला. मी पडद्यामागे जाऊन फोन लावला, गाणं वाजणाऱ्या स्पीकरजवळ धरला आणि निर्लज्जपणे म्हणालो, "ऐका, वाजतोय."

म्हाताऱ्याने अख्खं कडवं ऐकलं. मग हळूच म्हणाला, "गुरुजी, ह्यात घुमट नाय. फुटला मां?"

"हो."

"उनात ठेवल्यात?"

"हो," मी म्हणालो. चांगल्या शिव्या द्याव्यात त्याने, असं वाटत होतं.

"चूक माझीच. तुमच्या थंयचा ऊन मी खंय बघलंय? इचारूक व्हया होता." मग म्हणाला, "ऱ्हवांदे. पोरां बरी नाचतत मां?"

पडद्याच्या पलीकडे टाळ्या पडत होत्या. मला सांगता येईना. मी एकदाही तिकडे पाहिलं नव्हतं.