एकवीस हात, आणि पदर नाही

गुंजीचं शेत थोरल्या लेकाच्या हवाली करून मी वडगावात धाकट्याकडं राहायला आलो, तेव्हा शेजारी कोण मिळाला, तर रवळू विणकर. माणूस तिखट, पण हात असा की धोटा एकदा टाकला की आपण नुसतं बघत बसावं. गल्लीतल्या देवीची नऊवारी दरवर्षी त्याच्याच हातमागावरची. त्याच्या आज्यापासूनचा नेम.

यंदा आठ हात विणून झाले आणि रवळू मागावरच कोसळला. हृदयाची झडप खराब. डॉक्टरांनी ऑपरेशनला गुरुवार दिला आणि तोवर मागाच्या पावडीवर पाय ठेवायचा नाही म्हणून बजावलं.

रवळू म्हणाला, "साडीचा पदर पडल्याबिगर मी दवाखान्यात जायाचा न्हाय."

बायको नागुबाई रडली, चिडली. हा ढिम्म.

मग गल्लीच उठली. आपापलं काम उरकून मष्णू सकाळी, जयाबाई दुपारी आणि गल्लीतच दुसऱ्या घरी दिलेली रवळूची पुतणी मंजुश्री कंपनीतून सुटल्यावर संध्याकाळी मागावर बसायला लागली. माग समोरच्या शेडात, रवळू घरात खाटेवर. मला विणता येत नाही, म्हणून मला काम दिलं निरोप्याचं. किती झालं ते विचारायचं आणि रवळूला सांगायचं. मी खूश. बोलायचं काम मला कुणी सांगावं लागत नाही.

"मष्णू म्हणतोय चार हात झालं," मी सोमवारी सांगितलं.

मंगळवारी दुपारी जयाबाई म्हणाली पाच. संध्याकाळी मंजुश्री म्हणाली चार. मी तसंच नेऊन सांगितलं.

रवळू माझ्याकडं बघतच राहिला. "अण्णा, सकाळी पाच अन् आता चार? साडी आक्रसती व्हय?"

"सकाळी न्हवं, दुपारी," मी म्हणालो. तेवढंच मला पक्कं ठाऊक होतं.

आमच्या गुंजीच्या शाळेत बेरीज शिकवली होती. पण जो तो आपल्यापुरतंच सांगतोय, हे मास्तरांनी कुठं शिकवलं होतं? त्यात देवीची साडी पदर पडेपर्यंत मागाच्या रुळावरून उलगडायची नाही, ही इथली रीत. म्हणजे बघायचीही सोय नाही. आणि पदर घालायचा तो घरच्याच हातानं. म्हणून प्रत्येकजण साडीचं नुसतं अंग विणून पदर रवळूच्या घरच्यांसाठी सोडत होता. मी रात्रभर बोटं मोजली. कधी सात येत, कधी तेरा.

बुधवारी सकाळी रवळू भिंत धरत धरत शेडात आला. मागं नागुबाई, मागं आम्ही.

"उलगडा," तो म्हणाला.

"रीत मोडती की," मष्णू म्हणाला.

"उद्या मी मोडलो तर?"

उलगडली. हातानं मोजली. एकवीस हात. नऊवारीला पदरासकट लागतात अठरा, आणि पदराचा अजून पत्ता नव्हता.

"देवीला साडी नेसवताय का मांडव घालताय?" रवळू म्हणाला. जयाबाईला हसू आवरेना. मष्णू माझ्याकडं बघायला लागला, मी छताकडं.

मग रवळू पदर घालायला मागाकडं सरकला. नागुबाई आडवी आली.

"घरचा हात पायजे न्हवं? मग सरका."

"तू कधी बसलीयास?"

"तीस वर्सं सुताच्या कांड्या मी भरतीया. मी काय पावनी हाय ह्या घरात?"

रवळू स्टुलावर बसला आणि सांगत गेला, नागुबाई विणत गेली. दोन हातांचा पदर पडायला दिवे लागले. जरा वेडावाकडा आला, पण पडला.

साडी झाली तेवीस हात. आता जादाचे पाच हात कापायचे कुठून? पदर तर शेवटाला. म्हणजे सुरुवातीकडून, रवळूच्याच विणीतून. मष्णूनं कात्री उचलली आणि परत खाली ठेवली.

"काप रं," रवळू म्हणाला. "माझं तीन हात ऱ्हात्यात की. बास झालं."

गुरुवारी तो मुकाट गाडीत बसला.

आता तो घरी आहे, तासभर मागावर बसतो. परवा देवळात नेसवलेल्या साडीवर अंगठा फिरवत म्हणाला, "ही घट्ट वीण मष्णूची. ही जयाबाईची. ही मंजुश्रीची. मधी ही चार बोटं कुणाची, अण्णा? उंदरानं विणल्यागत?"

मंगळवारी जयाबाई पाणी प्यायला गेली होती, माग रिकामा होता.

मी देवीला हात जोडले आणि डोळे मिटून घेतले.